दोघांची दलाली

जालन्याच्या मोंढ्यात हमालांच्या संघटनेत माझी उमर गेली. दलाल मी प्रथम पाहिला तो पाठीवर पोते असताना. माझ्याआधीच्या पिढ्यांनी पाहिलेल्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. हैदराबाद संस्थानात 1930 साली बाजाराचा कायदा झाला, आणि पुढे महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने अडत्या, दलाल, मापाडी, हमाल या सर्वांना परवान्याची शिस्त लावली. ती कागदावरून पेठेत उतरवायला किती झगडावे लागले, ती कथा निराळी.

धान्यावरचा रुमाल निघाला. गाळ्यांवरचा अजून आहे. दुकान, गोदाम किंवा कचेरी भाड्याने जायची तर किल्ली एका दलालाजवळ असते, गिऱ्हाईक दुसऱ्याजवळ. दोघे मिळून सौदा जमवतात आणि दलाली वाटून घेतात. यात मुळात वाईट काही नाही. ही भागी नसती तर भाडेकऱ्याला प्रत्येक दलालाचे दार झिजवावे लागते.

पण आमच्या कचेरीसाठी खोली घेतली तेव्हाचा अनुभव सांगतो. भाडे 12,000 रुपये, दलाली एका महिन्याची, दोघांत सहा-सहा हजार. आमच्या दलालाला म्हटले, "बाबा, हजार तरी उतरव." तो नुसता हसला. भाडे हजाराने उतरले की त्याचे पाचशे बुडणार! पुढे कळले की मालकाकडूनही तेवढीच दलाली घेऊन तीही दोघांनी वाटली होती. म्हणजे पाचशे नव्हे, पुरते हजार. मग तो आमचा माणूस कसा?

1872 च्या करार कायद्याने हा पेच ओळखला होता. मुखत्याराने नेमलेला पोटमुखत्यार त्या मुखत्यारालाच जबाबदार. लबाडी किंवा जाणूनबुजून गैरकृत्य केले तरच मूळ धन्याला. आणि मुखत्याराने धन्याच्या नकळत त्याच्या कामात स्वतःचा धंदा साधला, तर तो लाभ धनी मागू शकतो. 2016 च्या रेरा कायद्याने दलालांची नोंदणी आणली खरी, परंतु ती विक्रीच्या व्यवहारापुरती. भाड्याचा गाळा बाहेरच राहिला.

दुसरी खोली घेताना आम्ही दोन्ही दलालांना समोरासमोर बसवले. आमच्या दलालाची रक्कम आधीच ठरवली, कोण कोणाकडून किती घेणार ते लिहून सह्या घेतल्या. त्या संध्याकाळी भाडे 700 रुपयांनी उतरले.