तळटीप २३ : लुधियान्याचा उपाय

२३. निरोगी दात्याचा मल तपासून, सलाइनमध्ये कालवून व गाळून कोलोनोस्कोपीने रुग्णाच्या मोठ्या आतड्यात सोडण्याचा उपचार, म्हणजे मल-प्रत्यारोपण. रोपण होते ते मलातल्या जिवाणूंचे. मजकुरातला आजार 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' आहे : आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात, रक्ताचे जुलाब होतात, आणि उतार पडला तरी दुखणे पुन्हा उलटते. मजकुरातल्या हिंगोलीच्या माणसाने थेट पंजाब गाठण्याचे कारण लुधियान्याचे दयानंद मेडिकल कॉलेज. तेथील डॉ. अजित सूद यांच्या चमूने आजार आटोक्यात आलेल्या ६१ रुग्णांवर चाचणी घेतली (प्रसिद्धी २०१९). त्यांतील एका गटाला दर आठ आठवड्यांनी, ४८ आठवडे, रोपण दिले. अस्तर बरे राहण्याचे प्रमाण त्या गटात अधिक आढळले. आशा वाटावी असाच हा निष्कर्ष आहे, पण चाचणी लहान होती आणि या आजारावर हा उपचार अजून प्रयोगावस्थेतच आहे. वारंवार उलटणाऱ्या 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' संसर्गावर मात्र तो मान्य झाला आहे. पुढे मजकुरात येणारी 'गुरुद्वाऱ्याची गाडी' म्हणजे नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस. ती लुधियान्यावरून जाते. त्याच परिच्छेदातला मल-प्रत्यारोपण घरच्या घरी करण्याचा विचार कोणीही अनुसरू नये. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी दात्याचा मल तपासला नव्हता, म्हणून अमेरिकेत एक रुग्ण दगावला. तेथील औषध प्रशासनाने जून २०१९ मध्ये तसा इशारा दिला. – संपा.