मेसर : जेवणाच्या सुरीत दडलेले शस्त्र

जर्मन स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या सुरीला ‘मेसर’ म्हणतात. कानाला हा शब्द एकसंध वाटतो. प्रत्यक्षात तो झिजलेला समास आहे. प्राचीन उच्च जर्मन भाषेत (साधारण इ.स. ७५० ते १०५०) त्याची ‘मेस्सिसाख्स’ आणि ‘मेस्सिराख्स’ अशी रूपे आढळतात. ‘मेस्सि’ म्हणजे अन्न, ‘साख्स’ म्हणजे एकधारी सुरा. अन्नासाठी सुरा : सरळसरळ चतुर्थी तत्पुरुष!

अन्नवाचक सुटा शब्द होता ‘मास’. मराठी ‘मांस’शी त्याचा संबंध नाही; हे ध्वनिसाम्य फसवे आहे. त्याचा खरा भाऊबंद म्हणजे इंग्रजी ‘मीट’, ज्याचा मूळ अर्थ कोणतेही अन्न असाच होता. इंग्रजीतील ‘ट’च्या जागी जर्मनमध्ये ‘स’ येणे नियमाला धरूनच आहे : वॉटर–वासर, ईट–एसेन.

पण सुऱ्याला ‘अन्नाचा’ असे विशेषण जोडण्याची गरज का पडली? कारण नुसता ‘साख्स’ हे शस्त्रही होते. इ.स. ५७५ मध्ये फ्रँक राजा पहिला सिगेबर्ट याचा खून झाला. मारेकऱ्यांच्या विष लावलेल्या सुऱ्यांना लोक ‘स्क्रामसाख्स’ म्हणत, अशी नोंद तूरचा बिशप ग्रेगरी याने केली आहे. सॅक्सन लोकांचे नावही बहुतेक अभ्यासक याच शस्त्राशी जोडतात. दहाव्या शतकातील कोर्फाय मठाचा इतिहासकार विडुकिंड तर सांगतो की, सॅक्सनांनी तहाच्या बोलणीला निःशस्त्र येण्याचे कबूल केले आणि कपड्यांत सुरे लपवून थुरिंगियनांची कत्तल केली. कथा म्हणून ती रंगतदार आहे. इतिहास म्हणून तिच्यावर विसंबणे धाडसाचे ठरेल.

आता प्रश्न उरतो ‘र’चा. समासाच्या मध्यभागी, दोन स्वरांच्या कचाट्यात सापडलेला ‘स’ आधी घोष झाला आणि पुढे त्याचा ‘र’ झाला. इंग्रजी ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या जोडीतही हीच अदलाबदल दिसते. अशा बदलामागील सूत्र डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर याने १८७५ च्या सुमारास उलगडले, आणि त्याचा मोठा पुरावा होता वैदिक संस्कृतातील स्वराघात.

पुढे उच्चार आखडत गेला. मध्ययुगीन जर्मनमध्ये उरले ते केवळ ‘मेसर’. राजाचा जीव घेणाऱ्या ‘साख्स’चा या शब्दात आज शिल्लक असलेला अंश म्हणजे शेवटचा ‘र’, आणि तोही मुळात ‘स’ होता.