चित्ते, सोनपाखरं आणि जोतिबाची माती

मंडळी, पाळण्याची हौस कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. बैल, म्हशी, कबुतरं तर आहेतच, संस्थानकाळात इथं शिकारी चित्तेसुद्धा होते. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसून माळावर जायचा.

पण या चित्त्यांच्या इतिहासात एक मोठी खोट आहे. हिंदुस्थानात शेकडो वर्षं चित्ते पाळले गेले, पण बंदिवासात पिल्लं झाल्याची नोंद एकच, तीही जहांगीर बादशहाच्या काळातली. बाकी प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. रानातले कमी झाले तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून मागवले. १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. आपण पाळलं, वाढवलं नाही.

आता राजवाड्यातून गावच्या पोरांकडं या. पावसाळा लागला की बाभळीवर सोनपाखरं यायची. पोरं ती काडेपेटीत ठेवायची, सोबत बाभळीचा पाला. काडेपेटीत पाखरानं अंडी घातली की वर्गभर मिरवायचं. पण त्या अंड्यांतून नवं सोनपाखरू कुणाच्याच काडेपेटीत निघालं नाही. निघणार कसं? त्याची अळी जमिनीत राहते, मुळं खाऊन वाढते. पाखरू म्हणून दिसणारे काही आठवडे हा त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा. आपण तेवढाच बघितला.

जपानातली पोरंही भुंगे पाळतात. शिंगवाला 'काबुतोमुशी' तिथं घरोघरी ओळखीचा. पण त्यांनी अळीकडं लक्ष दिलं. कुजलेलं लाकूड, पालापाचोळा, ओल किती ठेवायची, सगळं शिकून घेतलं आणि अंड्यापासून भुंगा घरात तयार केला. ही हौस इतकी वाढली की १९९९ साली एक मोठा काळा भुंगा तब्बल एक कोटी येनला विकला गेला.

युरोप-अमेरिकेत आता 'टेनेब्रिओनिडी' कुळातले दुर्मीळ भुंगेही हौसेनं वाढवतात. लॅटिनमध्ये 'टेनेब्रिओ' म्हणजे उजेड टाळणारा. दिसायला बहुतेक काळे, साधे. या कुळाच्या वीस हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. दगडाखाली, सालीखाली, पाचोळ्यात राहायचं आणि वाळकं-कुजकं खाऊन त्याची माती करायची, हा यातल्या बहुतेकांचा उद्योग. यातला एक तर आपल्याच घरात फुकट वाढतो. पिठाच्या डब्यातला तांबडा भुंगेरा याच कुळातला! १९२०च्या दशकात अमेरिकेत रॉयल चॅपमन यांनी पिठात असेच भुंगेरे वाढवून लोकसंख्या कशी वाढते आणि कुठं थांबते याचा अभ्यास केला. आपण ज्याला चाळून फेकतो त्यावर विज्ञानाची एक शाखा उभी राहिली.

हौसेची काळी बाजूही आहे. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कीटक गोळा करणारे दोन चेक नागरिक पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाली. तेव्हा रानातून भुंगे उचलून आणा असं मी मुळीच म्हणत नाही.

म्हणायचंय ते आपल्या डोंगराबद्दल. मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबा विकास आराखड्याला २५९.५९ कोटी मंजूर झाले. रस्ते, पार्किंग, भाविकांच्या सोयी व्हायलाच हव्यात. चैत्र यात्रेची गर्दी ज्यानं बघितलीय तो याला नाही म्हणणार नाही. पण वाडी रत्नागिरीचा डोंगर म्हणजे नुसती बांधकामाची जागा नव्हे. झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवला की खालची अळी संपली. पाचोळा पेटवला की त्यात राहणारे भुंगे गेले. रात्रभर आभाळाकडं तोंड करून दिवे लावले की उजेडाला भुलणारे कीटक तिथंच घिरट्या घालून मरणार.

याला जादा कोटी लागत नाहीत. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा, पडलेलं एखादं खोड कुजू द्या, पाचोळा जाळू नका, दिव्यांची तोंडं खाली करा. कामाच्या निविदेत चार ओळी घातल्या तरी पुरे. काम सुरू झाल्यावर ओरडण्यापेक्षा ग्रामस्थांनी, पुजारी मंडळींनी आणि आपण भाविकांनी हे आताच मागायला हवं.

चित्त्याच्या वेळी आपल्याला उशिरा कळलं. भुंग्यांना आपण पाळायचीही गरज नाही, त्यांची माती तेवढी राखूया.

तुमच्या गावात सोनपाखराला काय म्हणायचे आणि शेवटचं कधी बघितलं, खाली जरूर लिहा. चांगभलं!