आइन्स्टाइन यांचे तळ्याकाठचे घर : अवघ्या तीन उन्हाळ्यांचे सुख

मार्च १९२९. आल्बर्ट आइन्स्टाइन पन्नास वर्षांचे झाले आणि बर्लिन महापालिकेने आपल्या या जगद्विख्यात नागरिकाला पाण्याकाठी एक घर भेट देण्याचे ठरवले. घर निवडले, तर त्यात राहणाऱ्यांचा तेथे आजन्म राहण्याचा हक्क निघाला! मग जागा बदलल्या, अडचणी बदलल्या, शेवटी सभागृहात राष्ट्रवादी पक्षाने विरोध केला. कंटाळलेल्या आइन्स्टाइन यांनी भेट नम्रपणे नाकारली आणि पॉट्सडॅमजवळच्या कापुट गावात स्वतःच्या बचतीतून घर बांधले.

वास्तुरचनाकार होता कोनराड वाक्समन, वय जेमतेम अठ्ठावीस. मित्रांना विटांचे घर हवेसे वाटे. आइन्स्टाइन यांचा हट्ट लाकडाचा. वनराईच्या कडेला, उतारावर, समोर टेम्पलिन तळ्याचे पाणी दिसेल असे घर उभे राहिले. घरात दूरध्वनी नव्हता, आणि तो मुद्दामच नव्हता.

पन्नासाव्या वाढदिवसाला मित्रांनी एक शिडाची नौका दिली होती. 'ट्यूमलर' तिचे नाव. पोहता न येणारा हा माणूस तासन्‌तास एकटा तळ्यावर असे. पत्नी एल्सा, सावत्र मुली, अधूनमधून प्लांक, फॉन लाऊ यांच्यासारखे पाहुणे, असा दिनक्रम. १४ जुलै १९३० रोजी येथेच रवींद्रनाथ ठाकूर आले. सत्य मानवी मनावाचून अस्तित्वात असते का, यावर दोघांचे एकमत झाले नाही. भौतिकशास्त्रज्ञ 'असते' म्हणत राहिला, कवी 'नाही' म्हणत राहिला. त्या संभाषणाची चर्चा भारतात आजही होते. ते ज्या घरात झाले त्याची मात्र फारशी कोणाला आठवण नसते.

डिसेंबर १९३२ मध्ये आइन्स्टाइन दांपत्य अमेरिकेला निघाले. पुढच्याच महिन्यात हिटलर सत्तेवर आला. मार्च १९३३ मध्ये शस्त्रे शोधण्याच्या निमित्ताने घराची झडती झाली. शस्त्रे कुठली सापडायला! त्याच महिन्यात युरोपात परतताच आइन्स्टाइन यांनी जर्मन नागरिकत्वाचा त्याग केला. पुन्हा त्यांनी जर्मन भूमीवर पाऊल ठेवले नाही.

घराची पुढची कथा अधिक विदारक आहे. गर्ट्रूड फायरटाग या शिक्षिकेने कापुटमध्ये ज्यू मुलांसाठी निवासी शाळा चालवली होती; आइन्स्टाइन यांचे रिकामे घरही तिच्या वापरात आले. १९३५ मध्ये सरकारने ते जप्त केले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जमावाने शाळेवर हल्ला करून मुलांना हुसकावले. फायरटाग यांचा अंत १९४३ साली आउश्विट्झमध्ये झाला.

जर्मनीच्या एकीकरणानंतर मालकीचा वाद अनेक वर्षे चालला. आता ते घर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे आहे.

नौका १९३३ मध्येच जप्त झाली आणि पुढच्या वर्षी विकली गेली. युद्ध संपल्यावर आइन्स्टाइन यांनी तिचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. ती सापडली नाही.