झीलकऱ्याचा मान



पोवाडा ऐकावयास बसलो म्हणजे आपले डोळे शाहिराच्या डफावर खिळतात. त्याच्या मागे तुणतुणे आणि झांज घेतलेले दोघेतिघे उभे असतात. शाहिराचा दम सरला की ते ‘जी जी’ करून सूर उचलून धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढचा चौक सुरू करतो. यांना झीलकरी म्हणतात. शेवटच्या चौकात शाहीर आपले नाव गुंफतो. झीलकऱ्याचे नाव गुंफण्याची चाल नाही. आज बेलपाड्यात मला बोलावयाचे आहे ते आपल्या नाटकांतल्या, पुस्तकांतल्या आणि दूरदर्शनवरच्या अशा झीलकऱ्यांविषयी. नायकाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या जोडीदारांविषयी.

हा जोडीदार फार जुना आहे. संस्कृत नाटकात राजाशेजारी विदूषक असे. तो खादाड, कुरूप, सर्वांच्या चेष्टेचा विषय. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. राजा संस्कृत बोले आणि विदूषक प्राकृत बोले. म्हणजे त्या दरबारात लोकांची भाषा राजाच्या कानापर्यंत पोचविणारा तोच. ‘मृच्छकटिका’त चारुदत्त दरिद्री झाला, येणारेजाणारे आटले, मैत्रेय मात्र घर सोडून गेला नाही. हे नाटक देवलांनी मराठीत आणले. त्याआधी 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हाही सूत्रधाराशी थट्टा करावयास विदूषक होताच. मराठी रंगभूमी जन्मली ती जोडीदाराला बरोबर घेऊन.

तमाशात त्याने दोन रूपे घेतली. गवळणीत तो कृष्णाचा पेंद्या झाला आणि वगात सोंगाड्या. पेंद्याच्या लंगडेपणाला आपण पिढ्यानपिढ्या हसत आलो, हे काही भूषणावह नव्हे. सोंगाड्याचे तसे नाही. त्याच्या हाती लिहिलेली संहिता नसे. गावात जे घडले असेल ते ऐनवेळी उचलून तो राजाच्या तोंडावर फेकी. ज्या माणसाला पाटलाच्या वाड्यात मान वर करून बोलता येत नसे, त्याचे बोलणे सोंगाड्या रात्री फडावर बोलून दाखवी. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांनी तमाशाची हीच धार कामगारवस्तीत नेली आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वापरली.

पण सारेच जोडीदार असे नव्हते. आपल्या भाषेत ‘झील ओढणे’ याला दुसराही अर्थ आहे: दुसऱ्याच्या हो ला हो म्हणणे. 1919 साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, ते त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात. त्यात सुधाकर वकिलाचा कारकून तळीराम आहे. धनी अपमानाने पोळलेला असताना तो त्याच्या हाती प्याला देतो आणि मग प्रत्येक प्याल्याला नवे तत्त्वज्ञान पुरवितो. प्रेक्षक त्याच्या वाक्यावाक्याला हसतात, आणि तिकडे सिंधूचा संसार उद्ध्वस्त होतो. वाईट जोडीदार शत्रूपेक्षा महाग पडतो, हे गडकऱ्यांइतके स्पष्ट फार थोड्यांनी दाखविले असेल.

तळीरामाच्या नेमका उलट गुंड्याभाऊ. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ 1933 साली पुस्तकरूपाने निघाले. चिमणराव भित्रा, सरळ कारकून. गुंड्याभाऊ धिप्पाड, तापट आणि मनाचा स्वच्छ. चिमणरावाचे चुकले तर तो तोंडावर सांगतो, आणि सांगून झाल्यावर मदतीला धावतोही. विनायकांच्या ‘लग्न पहावं करून’ (1940) या चित्रपटातून ही जोडी पडद्यावर आली. 1977 पासून ती मुंबई दूरदर्शनवर आली, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने. मी तेव्हा लहान होतो. ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओटीवर आम्ही दाटीवाटीने बसत असू. कर्व्यांना लोक पुढे आयुष्यभर गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखत राहिले.

मोठेपणी त्या गोष्टी वाचल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सारे काही चिमणराव सांगतो. गुंड्याभाऊ काय म्हणाला, कसा चिडला, हे आपल्याला कळते ते चिमणरावाच्या तोंडून. त्याला स्वतःची हकीगत सांगावयाची पाळी कधी आली नाही. ती पाळी आली दुसऱ्या एका जोडीदाराला. गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडक्यांनी वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हवालदार गाजविला आणि 1971 साली ‘सोंगाड्या’ काढला. राजाच्या बाजूला उभा राहणारा सोंगाड्या तेथे चित्रपटाचा नायक झाला.

मी युनियनचे काम करतो, म्हणून हे मला केवळ करमणुकीचे वाटत नाही. पहिला करार घडवून आणताना माझ्याबरोबर एक जोडीदार होता. बोलत मी असे. हजेरीपटाचे, पगारचिठ्ठ्यांचे आकडे त्याच्या वहीत असत. एकदा मी भावनेच्या भरात भलतीच अट कबूल करू लागलो, तेव्हा त्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. त्या पाय दाबण्याने दीडशे माणसांची महागाई वाचली. करारावर सही माझी आहे, छायाचित्रात हार माझ्या गळ्यात आहे. तो त्या छायाचित्रात नाही. तो बाहेर माणसांना करार समजावून सांगत होता. पुढे अनेक सभांत मी तो करार ‘मी केला’ म्हणून सांगितला. माझी हकीगतही चिमणरावाचीच होती. फरक इतकाच की चिमणरावाने निदान गुंड्याभाऊचे नाव घेतले.

आपल्या या उरण-पनवेलच्या मातीत 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी शेतकरी उठला. दि. बा. पाटलांचे नाव प्रत्येक मुलाला ठाऊक आहे आणि ते असलेच पाहिजे. पण त्या लढ्यात जे पाच जण हुतात्मा झाले, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना न अडखळता सांगता येतील? आज घरी गेल्यावर आपल्या मुलांना विचारा, आणि त्याआधी स्वतःला विचारा.

शाहिराचा मान शाहिराला मिळालाच पाहिजे. पण त्याला श्वास घेता यावा म्हणून ज्यांनी मागे सूर धरला, त्यांची नावे शेवटच्या चौकात गुंफावयास आपण आता शिकले पाहिजे.