गर्भारपणातील झोप आणि सायंकाळच्या सवयी

गर्भारपणात झोपेची घडी तिमाहीगणिक बदलते. सुरुवातीला प्रोजेस्टेरॉन वाढल्याने दिवसा झापड येते आणि रात्री लघवीला उठावे लागते. शेवटी शेवटी छातीतली जळजळ, पोटऱ्यांत येणारे गोळे आणि पाठदुखी यांनी झोप तुटते. हे सगळेच टळत नाही. पण दुपारनंतरचे खाणेपिणे आणि जेवणाची वेळ यांवर बरेच काही अवलंबून असते.

चहा : शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला एरवी सुमारे 5 तास लागतात, तिसऱ्या तिमाहीत मात्र 15 तासांपर्यंत. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अंमल त्यामुळे मध्यरात्रीही उतरलेला नसतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. कपभर चहात ते साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असते, म्हणून दोन कप चालतात. ते सकाळच्या वेळी घ्यावेत. चहातील टॅनिनामुळे लोहाचे शोषणही घटते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि ती रोज एक याप्रमाणे 180 दिवस घ्यायची असते. चहाच्या घोटाबरोबर गिळल्यास तिचा बराचसा उपयोग वाया जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) देशातील सुमारे 52 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. लोह कमी असलेल्या स्त्रीला रात्री आडवे होताच पायांत वळवळ सुटण्याचा, पाय हलवल्यावाचून चैन न पडण्याचा त्रास अधिक होतो. घरात तो दमणुकीवर ढकलला जातो. वास्तविक अशा वेळी रक्ततपासणी करून घ्यायला हवी.

रात्रीचे जेवण : जेवण आणि निजणे यांत दोन-तीन तासांचे अंतर असल्यास जळजळ कमी होते. सगळ्यांची पाने उठल्यावर जेवायचे, ओटा आवरायचा आणि लगेच अंथरुणाला पाठ टेकायची, हा अनेक घरांतील सुनेचा क्रम असतो. तिथे एकट्या तिला सल्ला देऊन भागत नाही. तिचे पान आधी वाढणे हाच उपाय.

कूस : 28 आठवड्यांनंतर झोपी जाताना कुशीवर निजावे. 2019 मधील एका एकत्रित विश्लेषणात उताणे झोपी जाणाऱ्या स्त्रियांत उपजतमृत्यूची शक्यता सुमारे 2.6 पट आढळली. मूळ धोका अल्पच असतो. डाव्या-उजव्या कुशीत फरक दिसला नाही. सुरुवातीपासून 30 आठवड्यांपर्यंतच्या निजण्याच्या सवयी पाहणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असा संबंध आढळला नाही. मध्येच जाग आली आणि आपण उताणे आहोत असे दिसले, तर कूस बदलावी, घाबरू नये.

मोबाइल : पडद्याच्या उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते.

घरगुती उपाय : कोमट दूध चालते, जायफळ मोठ्या मात्रेत टाळावे.

घोरणे : गर्भारपणात नव्याने सुरू झालेल्या घोरण्याचा उच्च रक्तदाबाशी संबंध आढळला आहे, पुढच्या तपासणीत ते आवर्जून सांगावे.