लढाऊ वैमानिकांची उडती शाळा
प्रशिक्षण जेट विमानांचा लष्करी आणि नागरी प्रवास

पनवेल : नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ हे वाहतूक विमान उतरले, तेव्हा सुखोई-३० या लढाऊ विमानानेही आकाशातून सलामी दिली. पनवेल तालुक्यातील या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूकही सुरू झाली. सुखोईची गर्जना अनेकांनी ऐकली. मात्र अशा विमानाच्या वैमानिकाची जडणघडण ज्या प्रशिक्षण जेट विमानांवर होते, ती सहसा उपेक्षितच राहतात.

प्रशिक्षण जेटमध्ये प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक अशा दोघांची आसने आणि दोघांनाही विमानाचे नियंत्रण असते. पंख्याच्या प्राथमिक विमानावर हात बसल्यानंतर वेगाची, उंचीची आणि शस्त्रवापराची सवय येथेच लागते.

मराठी संशोधकाचे योगदान

भारतीय बनावटीचे पहिले प्रशिक्षण जेट म्हणजे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे 'किरण'. त्याची आखणी सुरू झाली ती डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे जन्मलेले घाटगे जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या विख्यात शास्त्रज्ञाचे विद्यार्थी होते. ४ सप्टेंबर १९६४ रोजी 'किरण'ने पहिले उड्डाण केले. १९७५ नंतर पोलंडची ५० 'इस्क्रा' विमानेही त्याच्या जोडीला आली. 'किरण'वर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'सूर्यकिरण' पथकाने हवाई कसरतींनी देशभर नाव कमावले.

बावीस वर्षांची प्रतीक्षा

'किरण' आणि मिग-२१ यांच्या वेगात मोठी दरी होती. ती सांधण्यासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली. प्रत्यक्ष करार होण्यास मार्च २००४ उजाडला. दरम्यान मिग-२१ चे अपघात होतच राहिले. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मिग-२१ च्या अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी त्यानंतर हवाई सुरक्षेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. अपघातांमागे यंत्रदोष, देखभाल, पक्ष्यांची धडक अशी अनेक कारणे असली, तरी मधली पायरी नसल्याचा भार तरुण वैमानिकांवर पडत होता.

२००४ च्या करारानुसार ६६ ब्रिटिश 'हॉक' विमानांपैकी २४ तयार स्वरूपात आली, तर ४२ ची बांधणी भारतात झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये बिदर येथे 'हॉक' सेवेत दाखल झाले. २०११ मध्ये थांबलेले 'सूर्यकिरण' पथकही पुढे 'हॉक'वरच उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर मुंबईकरांनी पाहिल्या त्या याच विमानांच्या कसरती.

निवृत्तीनंतरचे आयुष्य

परदेशात अशा विमानांना नागरी आयुष्यही लाभते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर चेकोस्लोव्हाकियात बनलेली अनेक एल-३९ विमाने अमेरिकेत खासगी मालकांनी विकत घेतली. 'नासा' ही नागरी संस्था अंतराळवीरांच्या सरावासाठी टी-३८ वापरते. काही खासगी कंपन्या जुन्या जेटद्वारे लष्कराला सरावासाठी 'शत्रू'ची भूमिका करून देतात. मात्र ही हौस धोक्याविना नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी ब्रिटनमधील शोरहॅम येथे 'हंटर'ची दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती कसरत करताना महामार्गावर कोसळली आणि ११ जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथे जुन्या लष्करी जेटच्या कसरतींवर कठोर निर्बंध आले.

भारतात खासगी मालकीची अशी परंपरा रुजलेली नाही. निवृत्त विमाने येथे संग्रहालयांत किंवा चौथऱ्यांवर विसावतात.

'किरण'च्या जागी नियोजित असलेल्या एचजेटी-३६ ने ७ मार्च २००३ रोजी पहिले उड्डाण केले. २०२५ मध्ये त्याचे 'यशस' असे नामकरण झाले. नाशिकजवळच्या कारखान्यात, जेथे सुखोई बांधले गेले, तेथे एचटीटी-४० या पंख्याच्या प्राथमिक प्रशिक्षण विमानाची उत्पादन साखळी १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली. मधली पायरी चुकली की काय होते, हे १९८२ ते २००८ या काळाने दाखवून दिले आहे.